बाभुळगावच्या बाजारातले बाबाराव

दारव्हा,
९ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीप,
जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर बोलण्यात अर्थ नाही. माझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू मुळातच पुटपुटतोस. म्हणून लिहिते. मुद्दे तीन आहेत. तिन्हींची उत्तरं हवीत.

पहिला मुद्दा. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या दीपमालाने तुझा तो नदीवरचा सिनेमा तिच्या लॅपटॉपवर लावला. शेवटी नावं येतात त्यात तुझं नाव होतं. तिने चित्र थांबवलं आणि मी चष्मा लावून स्वतः वाचलं. पण सिनेमात तू नव्हतास. आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावला आणि जेवढी तरुण पोरं दिसली तेवढ्यांची तोंडं तपासली. नाहीस. मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली आहे. नाव पटावर आणि पोरगा वर्गात नाही, म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तू तिथे मुंबईत नक्की काय करतोस?

दुसरा. तुझ्या आईचे डोळे. उजव्या डोळ्यातला मोतिबिंदू पिकला आहे, डावा त्याच वाटेवर आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं की उन्हाळ्याच्या आत शस्त्रक्रिया करा, नाहीतर डोळा हाती लागेल याची खात्री नाही. जया ऐकत नाही. मी मुद्दाम बोरी अरबला जाऊन आले. तिचं एकच पालुपद, "पोरगा येऊ द्या, मंग पाहू. पट्टी सुटल्यावर समोर कोन राहीन, विमलताई? तुमीच?"

मी म्हटलं, मी काय वाईट आहे?

"तुमाले तं मी आंधयी झाली तरी ओयखीन. आवाज हाये ना तुमचा."

अशा बाईशी वाद कसा घालायचा?

तिसरा. बाबारावचं तपकिरी स्वेटर पेटीत नाही. माझ्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली, पण जया दर हिवाळ्यात ते काढते, उन्हात घालते, पुन्हा ठेवते. यंदा पेटी उघडली तर नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू दोन दिवस येऊन गेलास. तुला काही माहीत आहे का?

वाचनालयाचे नंदकिशोर तुझ्या सत्काराचं विचारतात. त्यांनाही काहीतरी सांगावं लागेल.

तुझी आत्या,
विमल

---

मुंबई,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

मी सिनेमात होतो. धरणाच्या कचेरीतला तो टक्कल पडलेला कारकून, बायांना उन्हात उभं ठेवून पान लावत बसतो तो, तो मीच. टक्कल खरं होतं, वस्तऱ्याने केलेलं. तू तरुण पोरांत शोधलंस म्हणून सापडलो नाही.

तुला ओळखू आलो नाही हे वाचून मी दोन दिवस आनंदात होतो. राग मानू नकोस.

मी काय करतो हे तू विचारलंस, तर सरळ सांगतो. वर्षाला एखादा सिनेमा. तो तीनचार शहरांत लागतो, कधी परदेशात जातो, मग कुणाच्या तरी लॅपटॉपवर येतो. मागच्या वर्षी एका मोठ्या मालिकेतून बोलावणं आलं. रोज संध्याकाळी घराघरांत दिसलो असतो, बोरी अरबमध्येसुद्धा. नाही म्हणालो. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण चेहरा ओळखीचा झाला की लोक आपल्याकडे पाहायला लागतात, आत्या. आज मी कुठल्याही बाजारात, कुठल्याही टपरीवर बसू शकतो आणि लोकांकडे पाहू शकतो. माझं सगळं भांडवल तेवढंच आहे. म्हणून मुलाखत नको, फोटो नको, आणि नंदकिशोर सरांना माझा नमस्कार सांग, पण सत्कारही नको.

आता नवं काम सुरू होतंय. बाहेरगावी जावं लागेल. काम संपेपर्यंत माझा फोन बंद राहील. पत्र याच पत्त्यावर टाक. खोलीतला मित्र कपिल ते फोडून कामावरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर मला वाचून दाखवेल. फेब्रुवारीनंतर नक्की येतो. तोवर तू आईला तयार कर. तुझं कोणी मोडत नाही.

तुझा,
धम्मदीप

---

दारव्हा,
१० डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप,
आशीर्वाद.

त्या पान खाणाऱ्या कारकुनाला दीपमालाने आणि मी मिळून भरपूर शिव्या घातल्या होत्या. त्या तुला पोचल्या असं समज. त्याच्यात तू कुठे होतास हे मला अजूनही दिसत नाही. आम्ही तिसऱ्यांदा पाहिला. माणूस आपला वाटत नाही, डोळेसुद्धा दुसऱ्याचे वाटतात. ही कला आहे की आणखी काही, हे ठरवण्याइतकी मी शिकलेली नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले तेव्हा अभ्यासक्रमात हे नव्हतं.

पण तीन प्रश्न विचारले होते आणि उत्तरं दोनाचीच आली. स्वेटरबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. राहिलं असेल तर आता लिही.

तू म्हणतोस, जयाला तयार कर. करून पाहिलं. फेब्रुवारी म्हणताच ती म्हणाली, "त्याचा फेब्रुवारी मले ठाऊक हाये. मागच्या सालचा अजून आला नाही." मी तिला सांगितलं की पोराला काम असतं. त्यावर ती हसली. म्हणे, गावात विचारतात तेव्हा ती सांगते की धम्मा सिनेमात आहे. आणि लोक विचारतात, कोणत्या? तिला सांगता येत नाही. तिच्या शेजारची तोंडावर म्हणाली की तो मुंबईत कुठल्यातरी हॉटेलात कपबशा विसळतो. कपबशा विसळण्यात लाज नाही. पण आई खोटं बोलते असं लोकांना वाटावं, हे मला मान्य नाही. तुला आहे का?

लोकांपासून तोंड लपवायचं तर खुशाल लपव. आईपासून कशाला?

विमल

---

मुंबई,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

थोडक्यात लिहितो. काम सुरू आहे आणि कठीण आहे. एका म्हाताऱ्याचं काम करतो आहे. दिवसभर तसंच राहावं लागतं, तसंच चालावं लागतं, झोपेतही. आमची दिग्दर्शक अनघा म्हणते की मध्ये एक दिवसही सोडलं तर पुन्हा सापडणार नाही. तिचं खरं आहे.

आईला म्हणावं, डोळे करून घे. माझ्यासाठी थांबू नकोस.

इथे थंडी फार आहे.

धम्मदीप

---

दारव्हा,
१३ जानेवारी २०२५

चि. धम्मदीप,

तुझं पत्र २८ तारखेचं, ३० ला माझ्या हातात. मुंबईहून दोन दिवसांत! टपाल खातं सुधारलं म्हणायचं. शिक्का मात्र नेहमीसारखा पुसट. आणि मुंबईत थंडी फार आहे हे मी प्रथमच ऐकते आहे. असो.

आज जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा मलाच राग येतो आहे. आपल्या घरात भूतप्रेत मानत नाहीत. माझे वडील नागपूरला दीक्षा घेऊन परत आले त्याच दिवशी त्यांनी देव्हारा उचलून ठेवला, तिथपासून मानत नाहीत. तरीही जे घडलं ते तुला कळायला हवं.

तुमच्या बोरी अरबचा रामधन तुला आठवत असेल. बाबाराव जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचा तेव्हा हा तिथेच हमाल होता. दोघांचा तीस वर्षांचा चहा. तो मागच्या आठवड्यात बकऱ्या घेऊन बाभुळगावच्या बाजाराला गेला. तिकडून आला तो तापाने फणफणलेला. त्याची बायको भुरीबाई मला बोलवायला आली, कारण तो बरळत होता, "बाबारावले पाह्यलं, बाबारावले पाह्यलं."

मी गेले. त्याला उठवून बसवलं आणि म्हटलं, नीट सांग, रंगवू नकोस.

"ताई, बकऱ्याइची शपथ. सरकीच्या दुकानाच्या पायरीवर बसून होता. तेच स्वेटर. तशीच मान. अन् हातानं असं करून राह्यला होता." त्याने दोन्ही हातांचे अंगठे जुळवून हवेत काहीतरी ओढल्यासारखं केलं. तुझ्या बापाची ती खोड जगजाहीर होती. कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून धागा किती लांब ते पाहायचं. नोकरी सुटल्यावर हातात काही नसलं तरी तो ओढत बसायचा.

"मंग म्या हाक देल्ली. 'बाबाराव!' म्हटलं. तं त्यानं मान वर केली ना, ताई! पाह्यलं माह्याकडं. अन् उठून गेला."

"दुसरा कोणी असेल," मी म्हटलं.

"दुसरा कायले मान वर करीन?"

याचं उत्तर तुझ्याजवळ आहे का?

हे सगळं जयासमोर झालं. मी तिला बाहेर काढणार होते, पण ती हलली नाही. रडली नाही, घाबरली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "स्वेटराच्या कोपराले निळी लोकर होती काय?"

रामधन म्हणाला, होती.

त्यावर जया उठली आणि घरी गेली. तेव्हापासून गप्प आहे. मला हे लक्षण ठीक वाटत नाही.

विमल

---

मुंबई,
२४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

रामधनकाकांची तब्येत आता कशी आहे? त्यांना सांग की तसं काही नव्हतं. तापात माणसाला काहीही दिसतं. त्यांना म्हणावं पुन्हा बाभुळगावला जाऊ नका, निदान महिनाभर. बकऱ्या दारव्ह्यालाही विकतात.

आणि आईला तिकडे अजिबात जाऊ देऊ नकोस. सरकीच्या दुकानासमोर गर्दी फार असते, ट्रॅक्टर उभे असतात, तिला दिसत नाही. काहीही करून थांबव. मी हात जोडतो.

काम आणखी तीन आठवड्यांत संपेल. मग सगळं सांगेन.

धम्मदीप

---

दारव्हा,
६ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप,

ताप रामधनला बाजारातून आल्यावर चढला, आधी नव्हता. माझं पत्र नीट वाच.

बाभुळगावच्या सरकीच्या दुकानासमोर ट्रॅक्टर उभे असतात हे तुला मुंबईत बसून कसं ठाऊक, यावर मी बराच विचार केला. उत्तर सापडलं नाही. मग विचार सोडून दिला, कारण त्याहून मोठी गोष्ट झाली आहे. तुझं पत्र हातात पडलं तोवर मला वाटलंही नव्हतं की जया कुठे जाईल. ती गेली.

मला न विचारता, भुरीबाईला सोबत घेऊन, यवतमाळला गाडी बदलून बाभुळगावला गेली. ज्या बाईला समोरचा हंडा दिसत नाही ती! दिवे लागायच्या वेळी परत आली. तुझं पत्र घेऊन मी तिच्या दारात उभीच होते. भुरीबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मले बांगड्याच्या दुकानावर उभं केलं अन् एकटीच गेली. मी दुरून पाह्यलं. पायरीवर बसली होती कोन्या बुढ्याजवळ. चहा पेल्ली अन् आली."

जयाला विचारलं. ती पाय धुता धुता म्हणाली, "भेट झाली. थंडी सरली का येतो म्हनला."

"कोण?"

"ज्याले भेटाले गेलती तो."

धम्मदीप, ती अगदी शांतपणे बोलली. वेड लागलेलं माणूस ओरडतं असं आपण समजतो. तसं नसतं वाटतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दोन ताटं काढते. दाराला कडी घालत नाही. काल मी यवतमाळला शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला चल म्हणाले तर सरळ नाही म्हणाली. म्हणे, तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? आधी पोरासाठी थांबली होती, आता मेलेल्या नवऱ्यासाठी थांबली आहे. आणि डोळा काही थांबणार नाही. डॉक्टरांनी मार्च सांगितला आहे.

मी कुणापुढे कधी हात टेकले नाहीत. आज टेकते. मला काही कळेनासं झालं आहे. रामधन खोटं बोलणारा माणूस नाही, भुरीबाईने बुढा स्वतः पाहिला, जया त्याच्याशी बोलून आली, आणि माझ्या भावाची चिता मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. यातलं काय खोडू?

तुझं काम असेल तिथे सोड आणि ये.

विमल

---

बाभुळगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

वरचं गाव वाचून तुला अर्धं कळलं असेल. मी नाताळाच्या आधीपासून इथे आहे. मागची दोन्ही पत्रं मी इथल्याच पेटीत टाकली आणि वर मुंबई लिहिलं.

स्वेटर मी नेलं. आईला विचारलं असतं तर तिने दिलं असतं, पण मग कशाला ते सांगावं लागलं असतं.

सिनेमा एका निवृत्त माणसाचा आहे. जन्मभर कापूस पाहिलेला, आता दर बाजाराला येऊन पायरीवर बसणारा. अनघाने गोष्ट सांगितली तेव्हा मी तिला बाबांबद्दल बोललो, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलं नाही. वजन उतरवलं, केस पांढरे केले, दोन दात काळे केले. बाबांची मान, बाबांचा खोकला, अंगठ्यांनी ओढणं, सगळं वर्षभर घोकलं. कॅमेरा एका भाजीच्या टेम्पोत लपवलेला असायचा. बाजाराला कळायचं नाही की सिनेमा चाललाय. घरी आलो नाही, कारण घरी आलो की आई वाढते, मी जेवतो आणि तिचा पोरगा होतो. मग दुसऱ्या दिवशी पायरीवर बाबा होऊन बसता आलं नसतं.

माझ्याच जिल्ह्यात एवढे दिवस बसलो. माझ्या वर्गातली दोन पोरं समोरून गेली, एकाने मला काका म्हणून वेळ विचारली. मला फार आवडलं ते. कुणालाच मी दिसत नव्हतो. मग रामधनकाकांनी "बाबाराव" अशी हाक मारली आणि मी वळलो. आत्या, मी का वळलो? माझं नाव ते नाही. अनघा म्हणते, ते उत्तम काम होतं. मला त्या रात्री झोप आली नाही.

आणि मग आई आली.

मी तिला लांबूनच पाहिलं. एक हात पुढे धरून, लोकांना चाचपत, सरकीच्या दुकानाकडे येत होती. टेम्पोत कॅमेरा चालू होता. मी उठून जाऊ शकलो असतो. उठलो नाही. ती पायरीवर माझ्याजवळ बसली. मग तिने हात पुढे केला, बाही चाचपली, खाली कोपरापर्यंत आली आणि निळ्या लोकरीच्या रफूवर बोट फिरवलं.

"जेवन होते ना वेळेवर?" तिने विचारलं.

मी हुंकार दिला, बाबा द्यायचे तसा.

टपरीवाल्याने चहा आणला होता. मी माझा कागदी कप तिच्या हातात दिला आणि दुसरा मागवला. दोघांनी चहा घेतला. मग ती म्हणाली, "घरी येनं काहून नाही?"

"थंडी सरली का येतो."

आवाज बाबांचा होता. मी काढला नाही, तो निघाला. तिने मान हलवली, कप पायरीवर ठेवला आणि गर्दीत गेली. मी श्वास धरून बसलो होतो हे मला ती गेल्यावर कळलं.

ते सगळं चित्रित झालं आहे. अनघा पाहताना रडली. ती म्हणते, सिनेमाचा जीव तिथे आहे, पण तू नाही म्हणालास तर काढून टाकीन. मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही. ते "येतो" कोण म्हणालं? मी माझ्या आईला फसवलं, की बाबांनी खरंच तिला काही सांगितलं, की मी नुसतं काम करत होतो? मला कळत नाही. आजवर दुसऱ्यांसमोर लपण्यात मी हुशारी मानली. त्या दिवशी ज्या एका माणसासमोर उघडं व्हायचं होतं तिच्यासमोरही लपून बसलो.

काम संपलं आहे. तरी पाय घराकडे वळत नाहीत. ती बाबांची वाट पाहते आहे, आणि दारात मी उभा राहणार. तिला दुसऱ्यांदा विधवा करायला मी कसा जाऊ? तू सांग तिला. तू सांगितलेलं तिला पटतं.

धम्मदीप

---

दारव्हा,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दुसऱ्यांदा वाचल्यावरही वाटली. तिसऱ्यांदा वाचलं नाही, पर्समध्ये टाकलं आणि जीप धरून बोरी अरबला गेले.

जया अंगणात बसून तुरीची डाळ पाखडत होती. मी समोर बसले. वाटेत सगळं जुळवलं होतं. आधी तिला पाणी द्यायचं, मग हात धरायचा, मग हळूहळू सांगायचं. माझ्या स्वभावात ते बसत नाही, पण ठरवलं होतं.

"जया," मी म्हटलं, "मी जे सांगते ते मन घट्ट करून ऐक. बाजारात तुला भेटले ते बाबाराव नव्हते."

ती पाखडतच राहिली.

"ते बाबाराव नव्हते. तो..."

"धम्मा होता," ती म्हणाली. "मंग कोन राहीन?"

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

"तुला माहीत होतं?"

"निळी लोकर म्हनला रामधन, तवाच समजलं. पेटीतलं स्वेटर आपल्या पायानं बाभुळगावले जाईन काय? मेलेलं मानूस स्वेटर नेत नसते, विमलताई. तुमीच तं सांगता, भूतगीत काही नाही म्हनून."

पाहा, धम्मदीप. स्वेटर हरवल्याचं मीच तुला लिहिलं होतं. स्वेटर दिसल्याचंही मीच लिहिलं होतं. दोन्ही वाक्यं माझ्याच अक्षरात, आणि त्यांची गाठ मात्र तिने मारली.

तरी मी विचारलं, "तुला दिसत नाही. जवळ बसलेला धम्माच आहे हे तुला कसं कळलं?"

"लहानपनी खोटं बोलला का श्वास धरून बसे. चहाचा कप माह्या हातात देल्ला तवा धरूनच होता. म्हटलं, आता हे पोरगं फुटते का काय."

"मग बोलली का नाहीस त्याच्याशी?"

सूप खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तिला जिथे मी आहे असं वाटलं तिकडे. "त्याचं काम चालू होतं ना. तुमच्या वर्गात कोनी मधात येऊन बोललं तं तुमी चालू देत होत्या काय? सारे म्हनतात तो काय करते, काय करते. म्हटलं, जाऊन पाहू तरी काय करते. पाह्यलं. मेहनतीचं काम हाये. थंडीत दिवसभर बसून राहनं."

"आणि ती दोन ताटं?"

"येतो म्हनला होता ना पोरगा. उपाशी नाही येईन काय तो?"

"कुलुपाचं काय म्हणत होतीस मग?"

"दाराले कुलूप पाहून पलटून गेला असता. त्याले बहानाच पाह्यजे असते."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? मी इकडे तुला वेड लागलं म्हणून..."

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी त्याचा कान धरून आनला असता. त्याचं काम मोडलं असतं."

हे खरं आहे. मी आणला असता.

थोडक्यात, इतके दिवस वेडी कोणी झाली असेल तर ती मी. त्या घरात मेलेल्याची वाट कोणी पाहत नव्हतं. जया तुझीच वाट पाहत होती, आधीही आणि नंतरही, आणि मी व तू दोघांनी मिळून तिच्या तोंडी दुसरंच घातलं. तू विचारतोस, "येतो" कोण म्हणालं. तिने तो प्रश्न केलाच नाही. तिने पोराला विचारलं, पोराने सांगितलं, ती घरी आली.

मग मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, सगळं. कॅमेऱ्याचंही. त्यावर तिने एकच विचारलं, "मी रडली त्यात?"

मी म्हटलं, त्याने तसं काही लिहिलेलं नाही.

"नाही रडली. मले याद हाये. मंग ठेव म्हना." थोडा वेळ डाळ पाखडून म्हणाली, "पन पाहाचं तं डोये लागतीन."

तेव्हा मी उशीर केला नाही. तिचा विचार फिरायच्या आत तिथूनच यवतमाळला फोन लावला. यंत्र शिट्ट्या मारत होतं तरी लावला. ४ मार्चला उजवा डोळा. पट्टी दुसऱ्या दिवशी सुटेल. तेव्हा समोर तू असशील. मी मागे उभी राहीन, आवाज न करता, असं जयाला वचन दिलं आहे.

येताना केस काळे कर, दात घास आणि स्वतःच्या कपड्यांत ये. स्वेटर पिशवीत आण. धुऊ नकोस असं ती म्हणते. का, ते मी विचारलं नाही.

नंदकिशोर यांना मी कळवलं आहे की सत्कार होणार नाही. कारण विचारलं तर सांगितलं, काम असतं त्याला.

मला मात्र अजून एक गोष्ट उमगलेली नाही. तीन वेळा डोळे ताणून मला तू दिसला नाहीस आणि तिला न दिसताच सापडलास. रामधनला दिसलं ते चूक, मला दिसलं नाही तेही चूक. मग तुझ्या त्या कामाचं मोजमाप करायचं कसं? मला शाळेत गुण द्यायची सवय आहे. इथे कोणते द्यावे कळत नाही.

आशीर्वाद.

तुझी आत्या,
विमल

ता. क. जया शेजारी बसली आहे. माझं लिहून घ्या म्हणते, आणि तुमच्या भाषेत फिरवू नका अशी ताकीद आहे. म्हणून जसंच्या तसं देते:

"बाबा चहा बशीत ओतून पेत होते. बशी नसली तं पेतच नव्हते, कप परत करत होते. तू कागदाच्या कपानं पेला. रामधन बकऱ्याइच्या नादात होता म्हनून फसला. पुढच्या टायमाले ध्यान ठेवजो. बाकी चांगलं केलं."